भीमाबाईंचा समुद्र

फिनेल, वाळत घातलेला मोह आणि उन्हाने तापलेल्या पत्र्याचा किंचित गंजका दर्प, हे तीन वास एकत्र आले की माझ्या डोळ्यांपुढे समुद्र उभा राहतो. सारा जन्म यवतमाळ जिल्ह्यात गेलेल्या बाईने समुद्राची आठवण मोहाच्या वासातून काढावी हे विचित्र खरे. पण तो समुद्रच मुळात विचित्र जागी होता. आमच्या भागातल्या अभयारण्याच्या फाटकापाशी जे निसर्ग माहिती केंद्र आहे, त्याच्या उत्तरेकडच्या भिंतीवर तो चार खिळ्यांना टांगलेला होता आणि त्याची देखभाल भीमाबाईंकडे होती.

भीमाबाई मुकुटबनकडच्या एका पोडावरच्या. पोड म्हणजे कोलामांची लहानशी वस्ती. हिरवे लुगडे, त्यावर कोण्या उंच पुरुषाच्या मापाचा खात्याने दिलेला खाकी शर्ट, कोपरापर्यंत दुमडलेल्या बाह्या, आणि स्टुलाशेजारी कायम एक अर्धी विणलेली बांबूची टोपली. कागदोपत्री त्या केंद्राच्या सफाई कामगार होत्या. पण सफारीच्या जीप सुटल्या की गाइड मंडळी त्यांच्यासोबत जंगलात जात आणि केंद्रात आलेल्या शाळेच्या पोरांना काही सांगायला कोणी उरत नसे. मग भीमाबाई झाडू कोपऱ्यात उभा करत, हात शर्टाला पुसत आणि टोपलीतून बांबूची एक सोललेली काडी उचलून भिंतीपाशी येत. त्या क्षणापासून केंद्र त्यांचे असे.

त्यांची सांगण्याची एक रीत होती. जे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले, त्या चित्रावर त्या काडी टेकवत आणि म्हणत, "पाह्यलं." जे दुसऱ्याकडून कळले, त्याच्यापासून काडी बरोबर एक वीत दूर थांबे आणि त्या म्हणत, "आयकलं." कोणाकडून, हेही सांगत. मग पुढची माहिती. वर्षानुवर्षांच्या टेकण्याने फलकावरच्या अस्वलाचे नाक पांढरे पडले होते, नीलगाईच्या कपाळाचा रंग उडाला होता. वाघ मात्र छापून आला त्या दिवशी होता तितकाच तुकतुकीत राहिला.

मी त्यांना पहिल्यांदा भेटले ती माझा मजकूर घेऊन. मी मारेगावला महाविद्यालयात मराठी शिकवते; त्या काळी कविताही पुष्कळ लिहीत असे. केंद्राच्या फलकांसाठी मराठी मजकूर हवा होता, तो मी मोठ्या हौसेने लिहिला होता. भीमाबाईंना वाचता येत नव्हते, म्हणून त्यांनी मला तो मोठ्याने वाचायला लावला. मी वाचले, की पहाटेच्या धुक्यात सागाच्या रुंद पानांवरून दव ठिबकते आणि दूर कुठेतरी मोहाच्या मदाने झिंगलेले अस्वल एकटेच नाचत असते.

त्यांनी विणता विणता मान वर केली. "अस्वल नाचते हे पाह्यलं का आयकलं, मास्तरीनबाई?"

मी जरा अडखळले. खरे ते सांगितले, "वाचलं."

"हे तिसरंच निंगालं," त्या म्हणाल्या आणि पुन्हा टोपलीत वाकल्या.

मग त्यांनी मला सांगितले, की अस्वल मोहाखाली नाचत नाही. ते खाते, पोट भरले की तिथेच आडवे होते आणि घोरते. ते घोरणे त्यांनी वीस पावलांवरून ऐकले होते, नंतर वाकून पाहिलेही होते. शेवटी फलकावर तेच गेले: मोह खाऊन अस्वल झोपते, त्याचे घोरणे वीस पावलांवरून ऐकू येते. माझ्या साऱ्या लेखनात लोकांनी सर्वांत अधिक वाचलेली आणि पोरांनी सर्वांत अधिक हसून वाचलेली ओळ हीच, आणि ती माझी नव्हे.

या रीतीमागचे कारण मी एकदा विचारले होते. त्यांना वाटले मी थट्टा करते आहे. पोडावर हे सगळेच करतात, त्या म्हणाल्या. संध्याकाळी रानातून परतलेला माणूस सांगतो की नाल्यावर अस्वल आहे. ते त्याने पाहिले की ऐकले, यावर दुसऱ्या दिवशी बायका पाण्याला कोणत्या वाटेने जायच्या ते ठरते. त्यांच्या मावशीच्या वेळी कोणीतरी ऐकलेले पाहिले म्हणून सांगितले. बायकांनी वाट बदलली, आणि अस्वल होते ते बदललेल्या वाटेवर. मावशी वाचली, पण तिच्या एका बाजूच्या गालाला पुढे कधी हसता आले नाही. भीमाबाईंनी हे अगदी साध्या सुरात सांगितले आणि शेवटी, सवयीने, "पाह्यलं" असे म्हटले.

वाघाची गोष्ट तर अभयारण्यभर झालेली आहे. ज्या जंगलात लोक वाघासाठी दूरदूरहून येतात, तिथल्या माहिती केंद्राच्या बाईंनी वाघ पाहिलेला नव्हता. पाऊलखुणा पाहिल्या होत्या, अर्धा खाल्लेला गोऱ्हा पाहिला होता, रात्री पोडाच्या मागून आलेली डरकाळी ऐकली होती. वाघ नाही. एकदा वरचे कोणी मोठे साहेब सपत्नीक येणार होते. इथल्या साहेबांनी भीमाबाईंना आदल्या दिवशीच समजावले, की पाहुण्यांनी विचारलेच तर हो म्हणा, त्यात कोणाचे काही जात नाही. पाहुण्या बाईंनी विचारलेच. भीमाबाईंची काडी वाघाच्या चित्रापासून एक वीतभर दूर थांबली. इथले साहेब खोकले. भीमाबाई म्हणाल्या, "नाही पाह्यलं, बाईसाहेब. त्यानं मले पाह्यलं असन, पन थो काही सांगत नाही." पाहुण्या बाई इतक्या हसल्या, की त्यांनी जाताना भीमाबाईंसोबत फोटो काढून घेतला. वाघ मागे आहेच; फोटोत काडी आणि त्याच्यातले अंतर स्पष्ट दिसते.

आता समुद्र. केंद्राचे उद्घाटन दुसऱ्या दिवशी सकाळी होते आणि संध्याकाळी फलकांचा शेवटचा खोका उघडला, तर आत आमच्या माळरानाऐवजी निळेशार पाणी निघाले. पाण्याखाली प्रवाळ, रंगीत मासे, वर नारळाची झाडे असलेले एक हिरवे बेट. कुठल्यातरी बेटावरच्या राष्ट्रीय उद्यानाचा फलक छापखान्यात अदलाबदल होऊन आमच्याकडे आला होता. आमचे माळरान तिकडे गेले असेल. भिंत उघडी ठेवण्यापेक्षा बरा म्हणून तो रातोरात टांगला गेला. कोणी तक्रार केली नाही, कोणी बदलूनही दिला नाही. सरकारी भिंतीवर एकदा चढलेली वस्तू अशी सहज उतरत नाही.

पोरे मात्र नेमकी तिथेच थांबत. कापसाच्या आणि तुरीच्या शेतांतून आलेली पोरे त्या निळ्याला नाक लावून उभी राहत आणि विचारत, की हे काय आहे. भीमाबाईंची पंचाईत झाली. त्यांनी समुद्र पाहिला नव्हता, ऐकलाही नव्हता. मग त्यांनी तो ऐकायला सुरुवात केली. केंद्रात येणाऱ्या प्रत्येकाला त्या विचारू लागल्या. उमरखेडच्या एका ट्रक ड्रायव्हरने सांगितले, की पाणी दिवसातून दोनदा आपले आपण चढते आणि कोणी न हाकलता मागे जाते. एका नर्सबाईंनी सांगितले, की ते खारट असते, त्यात भिजलेले लुगडे वाळले तरी चिकट राहते. निवृत्त फौजीने सांगितले, की ते रात्री झोपत नाही, आवाज करत राहते. आणि नागपूरच्या एका लहान मुलीने सांगितले, की त्याला पलीकडचा काठ नसतो.

हे सारे भीमाबाई पोरांना सांगत, ज्याचे त्याच्या नावावर. काडी वीतभर दूर. ड्रायव्हरभाऊचे, नर्सबाईचे, फौजीबाबाचे बोलणे त्यांनी सहज स्वीकारले होते. पण काठ नसलेले पाणी त्यांच्या घशाखाली उतरत नसे. नदीला काठ असतो, तळ्याला असतो, पुरालाही शेवटी कुठेतरी असतो. "आयकलं," त्या म्हणत, आणि थोडे थांबून जोडत, "नागपूरच्या पोरीनं सांगतलं. लेकरू खोटं कायले बोलन?"

अशी नऊ वर्षे गेली. मग नवे साहेब आले. त्यांनी समुद्रापुढे उभे राहून कपाळाला हात लावला आणि मार्चअखेर तो उतरवून तिथे माळरानाचा खरा फलक लावायचा हुकूम दिला. वयोमानाने भीमाबाईंचे कामही त्याच मार्चअखेर संपत होते. मला वाटले, त्यांना काम जाण्याचे वाईट वाटत असेल. मी भेटायला गेले तेव्हा त्या समुद्राच्या फलकावरून ओले फडके फिरवत होत्या.

"नऊ वर्षं लेकरायले सांगून राह्यली मी," त्या माझ्याकडे न पाहता म्हणाल्या. "हे उतरलं की मंग आपलं बोलनं दुरुस्त कराची सोय नाही. काठ असन तर?"

त्या हिवाळी सुट्टीत मी अंदमानला जायचे ठरवले होते, एकटीच. हे बोलता बोलता माझ्या तोंडून निघून गेले. भीमाबाईंनी फडके पिळले, खिडकीवर टाकले आणि एखाद्या बाजाराला निघाल्यासारख्या म्हणाल्या, "मीबी येतो."

त्या आल्या. सोबत ज्वारीच्या भाकरी, जवसाची चटणी आणि काडी. विमानतळावर काडीची बरीच तपासणी झाली. शेवटी तिथल्या शिपाईबाईंना वाटले, की म्हातारीचा आधार असेल, आणि काडी सुटली. विमानात खिडकीची जागा मी त्यांना दिली, पण साऱ्या वाटेवर खाली ढगांचे पांढरे माळच माळ होते. त्या म्हणाल्या, सगळी कपाशी फुटली आहे, वेचायला माणूस नाही.

उतरलो तो मुक्काम एका खाडीच्या काठी. संध्याकाळ होती, पाणी शिशासारखे जड आणि करडे दिसत होते, हवेत मीठ आणि सडक्या पानांचा वास. भीमाबाई चपला काढून काठापर्यंत गेल्या आणि थबकल्या. पलीकडे, पाण्याच्या शेवटी, झाडांची एक गडद हिरवी रेघ होती.

"थे काय हाय?"

मी म्हटले, दुसरे बेट.

"मंग काठ हाय," त्या म्हणाल्या.

मी पुष्कळ समजावले. बेट म्हणजे काठ नव्हे, त्याच्या पलीकडे खरा समुद्र आहे, नकाशा आणून दाखवते. नकाशा तर वाचलेला असतो, त्या म्हणाल्या. त्यांनी डोळ्यांनी जे पाहिले ते पाहिले. त्या रात्री त्यांनी भाकरीला हात लावला नाही. समुद्राकडे पाठ करून बसल्या. नऊ वर्षांत किती शाळा आल्या, किती पोरांनी घरी जाऊन सांगितले असेल, हेच त्यांच्या मनात चालले असावे. समुद्र रात्रभर आवाज करत होता. फौजीबाबा खरे ठरले होते, पण त्याने त्यांचे समाधान झाले नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिथल्या सागरी राष्ट्रीय उद्यानाच्या माहिती केंद्रात गेलो. दारातच भीमाबाईंनी खोल श्वास घेतला. फिनेल. त्याखाली सुक्या मासळीचा वास, आणि पत्र्याचा तोच गंजका दर्प. पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण सैल झाला. आत जाऊन त्यांनी पहिल्याच फलकाच्या चौकटीवरून बोट फिरवले, बोट पाहिले आणि समाधानाने मान हलवली. भिंतीवर आमचे माळरान कुठे दिसते का ते मी शोधत होते; ते तिथे नव्हते.

केंद्र सांभाळणारी बाई मूळची तमिळ, नाव कनकम्मा, वय भीमाबाईंच्याच आसपास. तिने हिंदीत प्रवाळाची सारी माहिती एका दमात म्हणून दाखवली. भीमाबाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतले आणि आपल्या वऱ्हाडी हिंदीत विचारले, "तुमने देखा क्या?"

कनकम्माला हे आजवर कोणी विचारले नसावे. तिने इकडेतिकडे पाहिले. "नहीं, दीदी. तैरना नहीं आता. बोट रोज सामने से जाता है, ड्यूटी छोड़ के कैसे जाएगा?"

भीमाबाई हसल्या त्या अशा, की खाकी शर्टाची सैल कॉलर हलू लागली. मग स्टुलावर बसून त्यांनी कनकम्माला आपल्या वाघाची गोष्ट सांगितली. दोघी एकमेकींच्या गुडघ्यांवर थापट्या मारत हसत राहिल्या. दुपारची सुट्टी झाली, केंद्राला कुलूप लागले, आणि त्या कुलपाची किल्ली कमरेला खोचून कनकम्मा आमच्यासोबत काचेच्या तळाच्या होडीत बसली. होडीवाला तिला ओळखत होता; त्याने डोळे विस्फारले.

यापुढचा भाग मला थोडा लाजत सांगावा लागतो. होडी सुटून दहा मिनिटे झाली नसतील, तोच डिझेलच्या आणि मिठाच्या वासाने माझे डोके गरगरू लागले. मी पदरात तोंड घालून, लोखंडी दांडी धरून बसले. डोळे उघडले की सारे जग एका बाजूने वर जाई. भीमाबाईंचा एक हात माझ्या पाठीवर होता. त्यांचा खरखरीत तळवा मला ब्लाउजच्या कापडातूनही जाणवत होता. दुसरा हात काचेवर असावा, कारण त्यांचा आवाज खालून येत होता.

"झाडं हायेत, बाई," तो आवाज म्हणत होता. "पानं नाही एकबी. वाळल्या पऱ्हाटीवानी, नुसत्या फांद्या. पन रंग कसे... एक हळदीवानी पिवळी मासोळी हाय. थांबा, पांगल्या. आता निळ्या. मोराच्या मानेवानी. अन् हे एक, पाहा ना, उलटं होऊन राह्यलं."

पाहा ना, असे त्या म्हणाल्या, आणि मी पाहू शकले नाही. एकदाच कनकम्मा तमिळमध्ये काहीतरी पुटपुटली आणि भीमाबाईंनी कोलामीत उत्तर दिले. दोघींना एकमेकींचे शब्द कळले असतील असे मला वाटत नाही, पण त्यांनी पुन्हा विचारलेही नाही.

मग होडी बेटाच्या टोकाला वळसा घालून पलीकडे गेली. इंजिन मंदावले. वारा एकदम मोठा आणि थंड झाला. माझ्या पाठीवरचा हात थांबला. बराच वेळ तो तसाच, वजन नसल्यासारखा राहिला.

"काठ नाही, बाई," भीमाबाई म्हणाल्या. थोड्या वेळाने, अगदी हलक्या आवाजात, "लेकरायले खोटं नाही सांगतलं मी."

मी हिय्या करून एक डोळा उघडला. मला फक्त होडीवाल्याने माझ्यासाठी पुढे केलेली प्लास्टिकची बादली दिसली.

त्यानंतर त्यांनी वाकून पाण्यात बोट बुडवले, जिभेला लावले आणि नर्सबाईंचे म्हणणे खरे असल्याचे जाहीर केले. परत किनाऱ्यावर आल्यावर त्या दोघी केंद्रात गेल्या आणि भीमाबाईंनी आपली काडी कनकम्माच्या हातात दिली. कनकम्माने ती प्रवाळाच्या चित्रावर टेकवली. टक् असा लहानसा आवाज झाला. काडी तिकडेच राहिली. भीमाबाईंनी परत मागितली नाही. बांबूला काय तोटा, त्या म्हणाल्या.

पुढचे तीन महिने आमच्या समुद्रावर नवी काडी टेकत होती. मार्चअखेरीस क्षितिजाच्या निळ्या रेघेवर, नेमक्या काठ नसलेल्या जागी, एक पांढरा ठिपका पडला होता. नव्या साहेबांनी तो पाहिला, केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पोरांचे बोलणेही ऐकले असावे. हुकूम त्यांनी मागे घेतला नाही, पण उतरवलेला समुद्र भीमाबाईंच्या हवाली केला. काळीपिवळी जीपच्या टपावर दोरीने बांधून तो त्यांच्या पोडावरच्या शाळेकडे निघाला. मी मागे बसले होते. दोन्ही बाजूंना कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्या उपटून ठेवलेली काळी रिकामी शेते, उडती धूळ, आणि पुढच्या वळणावर एखाद्या शेतकऱ्याने बैल थांबवून वर पाहावे, तर डोक्यावरून मासे चाललेले.

त्याच पावसाळ्यात भीमाबाई गेल्या. मला ते पंधरा दिवसांनी, फोनवरून कळले. म्हणजे त्यांचे जाणे मी पाहिलेले नाही. मी शेवटचे जे पाहिले ते त्या शाळेतले, समुद्र टांगला त्या दिवसाचे, आणि तेवढेच सांगण्याचा मला अधिकार आहे.

शाळेची एकच खोली, शेणाने नुकतीच सारवलेली, ओल्या मातीचा आणि खडूचा वास. पोरे दाटीवाटीने बसलेली. भीमाबाईंनी काडी माझ्या हाती दिली. आज मास्तरीणबाई सांगतील, असे त्यांनी जाहीर केले आणि स्वतः उंबऱ्याशी टोपली घेऊन बसल्या. हा मान मी ओळखला. महाविद्यालयात, नातेवाइकांत, बसच्या प्रवासात मी तो समुद्र तीन महिने इतक्यांदा सांगितला होता, की सांगता सांगता ते मासे माझ्याच डोळ्यांत पोहू लागले होते. मी रंगून सांगत गेले. पाण्याखालची पाने नसलेली झाडे, हळदीसारखा पिवळा थवा, तो पांगून मागून आलेला मोराच्या मानेचा निळा. पोरे पुढे सरकत होती. माझी काडी प्रवाळावर टेकलेली होती.

पुढच्या रांगेतल्या एका लहान मुलीने विचारले, "बाई, तुमी पाह्यलं?"

मी त्या पाण्यावर होते. माझ्या पायांखाली दोन हातांवर, एका काचेच्या पलीकडे ते सारे होते. ओठांवर "हो" तयार होता, आणि त्याने कोणाचे काही जाणार नव्हते. मी उंबऱ्याकडे पाहिले. भीमाबाईंनी विणणे थांबवले नाही, मानही वर केली नाही. बांबूची पट्टी दुसऱ्या पट्टीखालून हळूच ओढून घेत, वर्गाला नव्हे, केवळ मला ऐकू येईल इतक्या हलक्या आवाजात, मायेने त्या म्हणाल्या,

"आयकलं."